थंड काटा

“म्हंजे काटा खोटा, आन् तू खरी?” वस्तादांनी विचारलं.

“व्हय. आन् माझं कुणी, कुणी म्हंजे कुणी, खरं मानलं न्हाई.”

“कुणी कुणी?”

“ह्यो माझा दीर, सर्जेराव. ह्यो तुमचा चेला, जालिंदर. थांब्यावरचे समदे ड्रायव्हर. सड्यावरच्या बाया, ज्यांची गठुडी मी माझ्या हातानं वर चढवते, त्या पण.”

“आणखी?”

“आणखी कोण न्हाई.”

वस्ताद माझ्याकडं बघत राहिले… मग म्हणाले, “बस.”

मी बसले नाही.

दस्तगीर वस्तादांचं गॅरेज पाटणला, नदीकडं उतरणाऱ्या रस्त्याला आहे. कुठल्याशा मोडीत निघालेल्या मोटारीची सीट काढून भिंतीला लावलेली. तीच त्यांची गादी. सत्तरी उलटलेला माणूस, बोलणं मोजकं. इकडचे निम्मे ड्रायव्हर आणि झाडून सगळे मिस्त्री त्यांच्या हाताखालून गेलेले.

मीही गेलेली. नवऱ्याची कंबर धरली, त्याला सीटवर बसवेना, तेव्हा घरची जीप मी चालवायला घेतली. शिकवली वस्तादांनी. माझी शाळा चौथीपर्यंत. ते म्हणाले होते, “इंजनाला शाळा लागत न्हाई. कान लागतो.”

तेव्हापासून मी वडाप चालवते. पाटणला जीप भरायची, घाट चढायचा, वर सड्यावरच्या वाड्यावस्त्यांना माणसं सोडायची. सर्जेराव शेजारी बसून भाडं गोळा करतो.

आज तीच जीप दोर बांधून ओढत आणली होती. बॉनेट वर. वाफ येऊन संपली होती, पण लोखंडाची धग अजून तोंडावर येत होती.

त्या गॅरेजचा एक नेम आहे. तापलेलं इंजन उघडायचं नाही. त्यावर तळहात ठेवून सावकाश श्वास घेता आला पाहिजे, मगच पाना लावायचा. तोवर बसायचं. ज्याला घाई असेल त्यानं दुसरीकडं जावं.

दुसरा नेम खिळ्यावर टांगलेला असतो. एक पांढरं धोतर. दुरुस्त झालेली गाडी रात्री त्या धोतरावर उभी करतात. सकाळी डाग नसला, तरच गाडी दाराबाहेर. दस्तगीरची गाडी गळत नाही, हे या मुलखात शेंबडं पोरही सांगेल.

तर आम्ही बसलो होतो. म्हणजे ते बसले होते. मी उभी होते.

“वस्ताद, मला नाव पायजे.”

“कसलं नाव?”

“इंजन कुणी जाळलं, त्याचं. तुमच्या तोंडून. समद्यांच्या म्होरं.”

सर्जेराव हसला. त्यानं शर्टाच्या खिशावर हात ठेवला. खिशात जीपची किल्ली होती.

“नाव समद्यांला ठावं हाय, वैनी. थांब्यावर ठरलंय. इथनं म्होरं जीप मी चालवणार. वस्तादास्नी एकडाव म्हणू द्या, बाईनं जाळलं. झालं.”

“आन् तू जाळलंस म्हणले तर?”

“तर किल्ली तुमच्या हातात. देवाशपथ.”

“कुठल्या देवाची? तुझ्या शपथांनी देव पण दमलं असतील.”

त्या किल्लीचं सांगते. ती हातात असली की मी शालन ड्रायव्हर. नसली की मी सर्जेरावाच्या चुलीपुढची भावजय. नवऱ्याला गोळी आणायची तरी आधी विचारायचं. मधलं काही नाही.

दारातून थांब्यावरचा एक ड्रायव्हर डोकावला.

“काय शालनबाई, भाजलंसा न्हवं इंजन?”

“ये की आत. अजून धग हाय. तुझं तोंड पण भाजून निघंल.”

तो गेला नाही. दारालाच टेकला. त्याच्या मागं आणखी दोघं आले.

वस्ताद उठले. तळहात इंजनावर टेकवला. लगेच उचलला.

“अजून न्हाई.”

ते परत बसले.

“तुमी बोलत का न्हाई, वस्ताद?”

“लोखंड तापलंय.”

“मी पण तापलीया.”

“म्हणून तर.”

इथं काट्यांचं सांगायला पाहिजे.

जीपमध्ये कंपनीचा काटा होता, तो कधीचाच मेलेला. दसऱ्याच्या आधी वस्ताद म्हणाले, घाटातली गाडी आंधळी नको. स्टिअरिंगच्या बाजूला त्यांनी दोन गोल काटे बसवले. काळं तोंड, पांढरे आकडे. एक ऑइलचा दाब दाखवणारा. दुसरा पाण्याचा ताप दाखवणारा. ऑइलच्या काट्याला इंजनापासून आलेली बारीक तांब्याची नळी. पाण्याच्या काट्याला नुसती एक वायर. वायरीच्या टोकाला अंगठ्याएवढा पितळी सेन्सर, तो इंजनाला पिळून बसवलेला, तोंड आत पाण्यात बुडालेलं.

जागा वस्तादांनी दाखवली. भोक जालिंदरनं पाडलं, आटे जालिंदरनं पाडले, सेन्सर जालिंदरनं पिळला.

मग त्यानं वायरीचं टोक क्षणभर जीपच्या पत्र्याला टेकवून बघितलं. पाण्याचा काटा टुणकन उडून लाल घरात गेला. काटा जिता आहे, म्हणाले सगळे. रात्री धोतर अंथरलं. सकाळी धोतर पांढरं. मग दसऱ्याचा हार घातला, नारळ फोडला.

त्या दिवसापासून पाण्याचा काटा खालच्या घरात बसला तो बसलाच. चढ असो, ऊन असो, जीप खचाखच भरलेली असो. जागचा हलेना.

लोक बघायला यायचे. काय थंड गाडी आहे म्हणायचे. वस्तादसुद्धा एकदा म्हणाले, “ह्या घाटात असलं थंड इंजन दुसरं न्हाई.” जालिंदर त्या दिवशी दोन बोटं उंच झाला होता.

“तुला कसं कळलं, गाडीला ताप हाय?” वस्तादांनी मला विचारलं.

“आधी वास आला. गोड. काहिलीत गूळ शिजतो तसा.”

“ऐका!” सर्जेराव म्हणाला. “गुऱ्हाळं चालू हायत, वस्ताद. गुळाचा वास येणार न्हाई तर काय अत्तराचा?”

“खाली येणार. वर सड्यावर ऊस कुठं हाय रं? तिथं पवनचक्क्या हायत. पवनचक्कीला कधी गुळाचा वास आलाय?”

दारातला ड्रायव्हर हसला. मग सर्जेरावाकडं बघून थांबला.

“मग?” वस्ताद म्हणाले.

“मग गिअरचा दांडा. चढाला तळहाताला चटका द्यायचा. आधी देत नव्हता.”

“मग?”

“मग पाणी. रोज सकाळी मागायची. कालच्यापेक्षा आज जास्त.”

“घाटातली गाडी पाणी पितीच,” सर्जेराव म्हणाला.

“गाय पण पिती. पर गाय घागरीवर घागर रिचवाय लागली, तर तू डॉक्टरला बोलावशील का गळ्यातली घंटा बघशील?”

“घंटेचा काय संबंध?”

“तेच म्हणते मी.”

वस्तादांच्या दाढीत काहीतरी हललं. हसू असेल. त्यांनी ते लगेच आवरलं.

“मग?”

“मग ऑइलचा काटा.”

त्यांनी मान वर केली.

“त्याचं काय?”

“सकाळी गाडी चालू केली की बरा असायचा. घाट चढून वर गेलं, गाडी उभी केली, की खाली बसायचा. पार तळाला. इंजन लई तापलं की ऑइल पातळ होतं, पातळ झालं की दाब पडतो. तुमीच शिकवलंय.”

“कुणाला सांगितलंस?”

“जालिंदरला.”

जालिंदर इंजनाच्या पलीकडं उभा होता. लेकराबाळांचा बाप, हातानं सोनं. पण वस्तादांसमोर आजही हातातला पाना पाठीमागं धरून उभा राहतो.

“आक्का आल्या हुत्या,” तो म्हणाला. “मी ऑइल बघितलं. जरा कमी हुतं, टाकलं. म्हटलं, जुनं इंजन हाय, एवढं चालायचंच.”

“पाण्याचा काटा बघितलास?”

“बघितला. थंड हुता.”

“म्हणून?”

“म्हणून… सोडून दिलं.”

वस्तादांनी डोळे मिटले.

“दोन साक्षीदार,” ते म्हणाले. “एक म्हणतो, घर पेटलंय. एक म्हणतो, निवांत झोपा. तुमी कुणाचं ऐकलं?”

जालिंदरनं पाठीमागचा पाना या हातातून त्या हातात घेतला.

“झोप समद्यांलाच लागती,” वस्ताद म्हणाले.

ते पुन्हा उठले. तळहात टेकवला. यावेळी हात जरा जास्त वेळ राहिला. मग उचलला.

“अजून न्हाई. सर्जेराव, आज काय झालं ते तू सांग.”

“काय व्हायचंय? आज बाजार. जीप गच्च. घाटात मधल्या वळणावर वैनींनी गाडी थांबवली. किल्ली काढली आन् म्हणल्या, उतरा समदी. ऐन चढाला! बाया, गठुडी, वर एक बकरी…”

“बोकड,” मी म्हणाले.

“बोकड. बाया शिव्या द्यायला लागल्या. मी काटा बघितला. थंड. एकदम थंड! मी म्हटलं, वैनी, काटा बघा. तर म्हणतात, काट्याला चुलीत घाल. आता असल्या बाईला काय म्हणायचं? मी किल्ली घेतली आन् गाडी चालवली.”

“घेतली?”

“मागितली.”

“मनगट पिरगाळलंस,” मी म्हणाले.

सर्जेराव धोतराकडं बघायला लागला.

“तू गाडीत बसलीस?” वस्तादांनी मला विचारलं.

“न्हाई. कठड्यावर बसले. माझ्या म्होरनं जीप वर गेली. दोन वळणं वर गेली आसंल. आवाज ऐकत हुते. आधी घरघर. मग खरखर. मग काय न्हाई…”

“मग?”

“मग बोकड ओरडला.”

दारातला कुणीतरी हसला. वस्ताद हसले नाहीत.

“मी चालत वर गेले. पांढरा धूर. बाया रस्त्याला. ह्यो बॉनेट उघडून उभा, आन् मला बघून पहिला शब्द काय, तर ‘बघा, तुमी काय केलंसा!’ मी केलं! मी थांबवली, ह्यानं पळवली, आन् केलं मी.”

“तुमी आधीपास्नं बिघडवली हुती,” सर्जेराव म्हणाला. “बाईमाणसाच्या हातात गाडी दिली की आसंच व्हायचं. काटा तर थंड हुता. मग इंजन जळलं कशानं? चालवणाऱ्यानं. रोज कोण चालवतं? तुमी. सरळ हिशेब हाय.”

ड्रायव्हरांनी माना हलवल्या. हिशेब सरळच होता.

मला तेव्हा वाटलं, वस्तादांनी एक शब्द बोलावा. नुसतं ‘गप’ म्हणावं. ते नदीकडं बघत बसले. ऊन दारातून सरकत जीपच्या चाकापर्यंत आलं.

मी बसले शेवटी. खाली, फरशीवर.

“हां,” वस्ताद म्हणाले. “आता निवलं.”

ते उठले, इंजनाजवळ गेले. तळहात टेकवला. डोळे मिटून एक लांब श्वास घेतला, सोडला. हात तिथंच.

“जालिंदर, सेन्सर काढ. वायर तोडू नगो. जसा हाय तसा आण. पुसायचा न्हाई.”

जालिंदरनं पाना लावला. सेन्सर निघाला, भोकातून पाण्याचा थेंबसुद्धा आला नाही. आत पाणी नव्हतंच.

वस्तादांनी वाकून पाण्याच्या खालच्या पाईपवरून बोट फिरवलं. क्लिपच्या मागं थांबले. पाईप दाबला. बारीक चीर उघडली, सोडल्यावर मिटली.

“ताप चढला की उघडती. निवलं की मिटती. पाण्यातलं कूलंट धगीवर पडलं की गोड वास मारतं,” ते म्हणाले.

मी खिळ्यावरच्या धोतराकडं बघितलं. थंड गाडीखाली अंथरलं तर त्यावर काय डाग पडणार?

“चहाचं पातेलं ठेव,” वस्ताद जालिंदरला म्हणाले.

“चहा करू?”

“नुसतं पाणी. उकळू दे.”

स्टोव्ह पेटला. जालिंदरनं वायरीला वायर जोडून ती स्टोव्हपर्यंत आणली. वस्तादांनी बॅटरीच्या उण्या टोकाला आणखी एक वायर अडकवली आणि तिचं मोकळं टोक हातात घेतलं. वीज आत गेली तर तिला परत जायलाही वाट लागते. इंजनावर ती वाट लोखंडच देतं, म्हणून तिथं एका वायरीवर भागतं. पातेल्याजवळ लोखंड नाही, म्हणून ही दुसरी वायर.

पाणी खळखळायला लागलं.

“सर्जेराव, काट्यासमोर बस. काटा काय म्हणतो ते मोठ्यानं सांग.”

सर्जेराव जीपमध्ये चढला. माझ्या सीटवर बसला. किल्ली खिशातून काढून लावली.

वस्तादांनी सेन्सरचं तोंड उकळत्या पाण्यात बुडवलं. दुसऱ्या हातातली वायर सेन्सरच्या उघड्या पितळेला टेकवली.

थोडा वेळ काही नाही…

“उठला!” सर्जेराव ओरडला. “काटा उठला, वस्ताद! वर चाललाय… लाल घरात गेला! बघा रं, या, बघा! काटा खरा हाय!”

ड्रायव्हर जीपभोवती गोळा झाले. सगळ्यांनी डोकी आत घालून बघितलं.

“खरा हाय,” एक जण म्हणाला.

“मग गाडी तापलीच नव्हती आधी,” दुसरा म्हणाला. “तापली असती तर दाखवलं असतं.”

“वैनी,” सर्जेराव म्हणाला, “काटा खरा निघाला.”

मी वस्तादांकडं बघितलं. ते पातेल्याकडं बघत होते.

“काटा खरा हाय,” ते म्हणाले.

आणि हातातली दुसरी वायर त्यांनी सेन्सरवरून उचलली. अंगुळभरच.

“आता काय म्हणतो?”

“आता…” सर्जेराव थांबला. “खाली आला. वस्ताद, थंड झाला. पार थंड.”

“पाणी निवलं का?”

सगळ्यांनी पातेल्याकडं बघितलं. पाणी खळखळत होतं. पातेलं स्टोव्हवर थडथडत होतं.

“न्हाई…”

“इकडं ये. बोट घाल.”

“आं?”

“काटा थंड म्हणतोय न्हवं? काट्यावर तुझा विश्वास हाय. घाल बोट.”

सर्जेराव जीपमधून उतरला. पातेल्यापर्यंत आला. दोन्ही हात पाठीमागं घेतले.

“काय चेष्टा करतायसा, वस्ताद…”

“सकाळी घाटात घातलंस की.”



वस्तादांनी सेन्सर पाण्यातून काढला. डोळ्यांजवळ धरला. आट्यांवर पांढरी टेप गुंडाळलेली होती. नळाला लावतात ती, प्लंबरची. एकावर एक, एकावर एक, पितळेचा आटा दिसत नव्हता. वायरीचं टोक त्यांनी त्या टेपवर टेकवलं आणि सेन्सर पुन्हा बुडवला. दारातल्या ड्रायव्हरनं काट्याकडं बघून मान हलवली. थंड.

मग नखानं टेप खरवडली. पितळ दिसलं. तिथं टेकवलं.

“उठला,” ड्रायव्हर हळू म्हणाला.

त्या टेपमधून पाणी जात नाही. तशी वीजही जात नाही. सेन्सर बिचारा दसऱ्यापासून उकळत्या पाण्यात तोंड घालून बसला होता. त्याला सगळं कळत होतं. सांगायची वाट तेवढी बांधून टाकली होती.

“टेप कुणाची?” मी विचारलं.

विचारायची गरज नव्हती. जालिंदरचा चेहरा स्टोव्हच्या राखेसारखा झाला होता.

“मी लावली, आक्का. आट्यातनं पाझरत हुतं. जरासं. थेंब…”

मी उठले. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, लई आनंद झाला.

“घावला! ऐकलंसा का रं समद्यांनी? घावलं नाव! तुझ्याकडं मी किती येळा आले जालिंदर? ऑइलचा काटा दाखवला, वास सांगितला. आन् तू मला काय म्हणलास? आक्का, तुमचं वय झालं, घाटाची भीती वाटती. म्हणलास का न्हाई?”

“म्हणलो…”

“व्हय, जालिंदरच!” सर्जेराव पुढं झाला. “मी तर काटा बघूनच चालवली. काटा बसवणाऱ्यानं घोटाळा केला, मी काय करणार? न्हाई का रं?”

सगळ्यांना एकदम बरं वाटलं. मलाही. सकाळपासून पहिल्यांदा सर्जेराव आणि मी एका बाजूला उभे होतो.

एका ड्रायव्हरनं तर निकालच दिला. “असला मिस्त्री ठेवू नगा, वस्ताद.”

जालिंदरनं पाना खाली ठेवला. बाकड्यावर, आवाज न करता. त्याला दुसरं काम येत नाही. दुसऱ्या गॅरेजला दस्तगीरनं काढलेला माणूस कुणी घेत नाही.

“उचल तो,” वस्ताद म्हणाले.

त्यानं उचलला.

“थेंब पाझरत हुता. पाझरू द्यायचा. न्हाईतर पेस्ट लावून पुन्हा पिळायचा. तुला येत न्हाई का?”

“येतं.”

“मग टेप का?”

“दुसऱ्या दिवशी दसरा हुता. रातीला धोतर अंथरायचं हुतं…”

“बरं, मग?”

“थेंब पडला असता.”

“थेंब पडला असता तर काय झालं असतं?”

जालिंदरनं खिळ्यावरच्या धोतराकडं बघितलं.

“बोल.”

“तुमी… तुमी जेवला नसता, वस्ताद. मागं त्या टेम्पोखाली डाग पडला, तवा तुमी दोन दीस जेवला न्हाईसा. माझ्याशी बोलला न्हाईसा.”

स्टोव्हचा आवाज येत होता. वस्तादांनी वाकून तो बंद केला.



“शालन.”

“जी.”

“मगाशी नावं घेतलीस. कुणी खरं मानलं न्हाई त्यांची.”

“घेतली.”

“काहिली पेटल्या त्या आठवड्यात तू हितं आलीस. जालिंदर नव्हता. मी हुतो.”

मी खाली बघितलं.

“काय म्हणलीस?”

“वस्ताद, गाडीला ताप हाय म्हणले.”

“मी काय केलं?”

“जाऊ द्या वस्ताद…”

“काय केलं?”

“दारातनं आत वाकून बघितलंसा.”

“इंजनाला कान लावला?”

“…न्हाई.”

“काय म्हणलो?”

मी जालिंदरकडं बघितलं. सर्जेरावाकडं बघितलं. सांगणं भाग होतं.

“म्हणलासा, काटा बघ.”

वस्तादांनी मान हलवली. आपल्याच एखाद्या हिशेबाचा ताळा जुळावा तशी.

त्यांच्या बोटांना ऑइल होतं, काजळी होती, पाईपचा काळा चिकटा होता. ते भिंतीपाशी गेले. खिळ्यावरचं धोतर काढलं आणि त्याला हात पुसले. आधी बोटं. मग तळवे. मग सावकाश एकेक नख.

जालिंदरच्या तोंडून “वस्ताद!” असं बाहेर पडलं आणि तिथंच राहिलं.

काळं झालेलं धोतर त्यांनी जालिंदरच्या खांद्यावर टाकलं.

“इंजनाचं हेड उतरवायला घे. पुसायला फडकं लागंल.”

मग सर्जेरावापुढं हात पसरला. सर्जेरावानं जीपमधून किल्ली काढून आणली. द्यावी की नको, असा एक क्षण उभा राहिला. दिली. वस्तादांनी ती माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी मूठ आपल्या हातानं मिटली.

“किल्लीचं राहू द्या,” सर्जेराव म्हणाला. “पर थांब्यावर समदे वाट बघत बसल्यात. जालिंदर न्हाई, मी न्हाई, वैनी न्हाई. मग सांगायचं काय? जाळलं कुणी?”

वस्ताद सीटवर जाऊन बसले होते.

“सांग,” ते म्हणाले, “दस्तगीर.”